शाळा निवडण्याचा हक्क : एक अमेरिकन कहाणी

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा अर्पणपत्रिकेत कोणा राजाचे किंवा शेठजीचे नाव घातले नाही. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी ज्या भल्या माणसांनी झीज सोसली, त्यांच्या चरणी त्यांनी तो ग्रंथ ठेवला. पुढे नऊ वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले, त्याचा गाभा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा होता. हे दोन्ही प्रसंग मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षे शिकवले. पण ज्यांच्या मुक्तीचा जोतीरावांना एवढा आनंद झाला, त्या माणसांच्या पोराबाळांना पुढे शाळा कशी मिळाली, हे मला कोणी शिकवले नाही आणि मीही कोणाला सांगितले नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातली अमेरिका लिंकनच्या खुनापाशी संपते, ती एकदम मार्टिन ल्यूथर किंगपाशी पुन्हा सुरू होते.

या विषयाकडे मी वळलो ते घरगुती कारणाने. नातीला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा आमच्या घरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी असा त्रिपक्षी तंटा झाला. सीमाभागातल्या वाचकांना त्याचे वर्णन सांगायला नको. चिरंजीव म्हणाले, “बाबा, शाळा निवडायचा हक्क आई-बापांचा. सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.” त्याचे म्हणणे खरे होते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारच्या विरोधात निकाल दिला, की प्राथमिक शाळेत मातृभाषेचेच माध्यम हवे असा आग्रह सरकारला धरता येणार नाही. माध्यम पालकाने ठरवावे. आपल्याला हा निकाल दुधारीच. सक्तीतून सुटका झाली, आणि मराठी शाळेला सरकारी आग्रहाचा जो काही टेकू होता तोही निघाला.

‘निवड’ हा शब्द तेव्हापासून डोक्यात घोळत राहिला. या शब्दावरून सर्वांत मोठी भांडणे जिथे झाली त्या देशाचा इतिहास वाचू लागलो. तिथे हा शब्द एकदा काळ्या मुलांना शाळेबाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला आणि तीसेक वर्षांनी काळ्या आयांनीच तो उचलून धरला. मधल्या काळात काय घडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ असा निवाडा दिला. खटला आगगाडीच्या डब्यांचा होता, पण तो निवाडा शाळांनाही लागू झाला. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. त्यांतले ‘वेगळे’ कसोशीने पाळले गेले, ‘समान’ कागदावर राहिले.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाचा एक जिल्हा आहे. त्यातल्या फार्मव्हिल गावी काळ्या मुलांसाठी मोटन हायस्कूल होते. १९३९ साली १८० मुलांसाठी बांधलेल्या इमारतीत १९५० च्या सुमारास साडेचारशेच्या वर मुले कोंबली होती. जिल्हा मंडळाने उपाय काय केला? आवारात लाकडी चौकटीवर डांबरी कागद ठोकून खोपटी उभी केली. पावसाळ्यात गळत आणि थंडीत शेगडीजवळचे मूल भाजे, लांबचे काकडे. पालकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले. मंडळ ‘बघू’ म्हणत राहिले.

२३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना फोन आला, की तुमची काही मुले बसस्थानकावर अडचणीत आहेत. ते तिकडे धावले. इकडे वर्गावर्गांतून चिठ्ठी फिरली, सर्वांनी सभागृहात जमावे. पडदा सरकला तेव्हा मंचावर शिक्षक नव्हते, सोळा वर्षांची बार्बरा जॉन्स उभी होती. फोन तिच्याच गटाने करवला होता. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितले आणि मुलांना संप पुकारायला. दोन आठवडे शाळा ओस पडली.

मुलांची मागणी नव्या इमारतीची होती. त्यांच्या हाकेला धावून आलेले कृष्णवर्णीय वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी मात्र अट घातली. चांगली पण वेगळी शाळा मागणार असाल तर आम्ही येणार नाही. वेगळेपणालाच आव्हान देणार असाल तर खटला लढवू. आणि त्यासाठी पालकांच्या सह्या हव्यात. मला या कथेतला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. गोऱ्यांच्या शेतावर राबणारी, त्यांच्या बँकेत कर्ज असणारी, त्यांच्या घरी धुणी-भांडी करणारी माणसे; त्यांनी सह्या केल्या. बार्बराच्या आईवडिलांनी तिच्या जिवाच्या काळजीने तिला अलाबामा राज्यात माँटगोमेरीला, चुलत्याकडे पाठवून दिले. तो चुलता व्हर्नन जॉन्स, तिथल्या चर्चचा धर्मोपदेशक. त्याच्यानंतर त्या जागेवर आले ते मार्टिन ल्यूथर किंग.

फार्मव्हिलचा खटला आणखी चार ठिकाणच्या खटल्यांबरोबर एकत्र चालला. त्यांतला पहिला कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावच्या ऑलिव्हर ब्राउन यांचा. त्यांच्या लिंडाला जवळची शाळा सोडून लांबच्या शाळेत जावे लागे. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निकाल वाचला : वेगळ्या शाळा मुळातच असमान आहेत. आपल्याकडे या निकालाचे कौतुक बरेच झाले, पण तो अंमलात कसा आला नाही हे फारसे कोणी सांगत नाही. न्यायालयाने तारीख दिलीच नव्हती. पुढल्या वर्षी सांगितले, ते ‘शक्य तितक्या लवकर’ अशा अर्थाचे. कचेरीत काम पडलेल्या माणसाला या शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

व्हर्जिनियाने जे केले ते वाचून मी पुस्तक मिटून बाहेर फेरी मारून आलो. न्यायालयाचा दट्ट्या टळेना, तेव्हा १९५९ मध्ये प्रिन्स एडवर्ड जिल्ह्याने आपल्या सर्व सरकारी शाळांना कुलुपे लावली. शाळाच नाहीत म्हटल्यावर एकत्र कोणाला बसवणार? गोऱ्यांनी स्वतःची खासगी शाळा काढली, आणि तिची फी भरायला पालकांना सरकारी अनुदान मिळू लागले. कारण काय दिले? पालकाला शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य हवे. ज्या दीड हजाराहून अधिक काळ्या मुलांना निवडायला शाळाच उरली नाही, त्यांपैकी काहींना लांबच्या नातेवाइकांकडे धाडण्यात आले, काही चर्चच्या तळघरातल्या तात्पुरत्या वर्गांत बसली, कितीतरी तंबाखूच्या शेतावर गेली. ही कुलुपे पाच वर्षे होती. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने ती निघाली. सहा वर्षांचे मूल अकरा वर्षांचे होऊन पहिलीत आले, आणि तेराचे झाले होते अठराचे. ते आलेच नाही. २००४ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्या पिढीसाठी शिष्यवृत्ती मंजूर केली. तोवर ती ‘मुले’ पन्नाशीच्या पुढे गेली होती.

योगायोग असा, की सरकारने पालकाच्या हाती फीची हुंडी द्यावी आणि पालकाने वाटेल त्या शाळेत ती वटवावी, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रिडमन यांनी १९५५ मध्ये मांडली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे बाजारपेठेची चढाओढ होती, गोऱ्यांची शाळा नव्हती. पण विचार एकदा उंबरठ्याबाहेर पडला की त्याला कोण घरी नेईल हे मांडणाऱ्याच्या हाती राहत नाही.

इतर जिल्ह्यांनी कुलुपे लावली नाहीत, ‘निवडीचे स्वातंत्र्य’ दिले. त्याच राज्यातल्या न्यू केंट जिल्ह्यात दोनच शाळा होत्या. मुलांना सांगितले, हवी ती घ्या. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने काळ्यांची शाळा घेतली नाही, आणि शेकडा ८५ काळी मुले आपल्याच जुन्या शाळेत राहिली. यात नवल काय? गोऱ्यांच्या शाळेच्या अर्जावर सही करणाऱ्या बापाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. १९६८ मध्ये न्यायालयाने हा देखावा मोडीत काढला. त्यानंतर बसगाड्यांतून मुले इकडची तिकडे नेण्याचे पर्व आले. १९७४ मध्ये बोस्टनसारख्या सुसंस्कृत म्हणवणाऱ्या उत्तरेकडच्या शहरात त्या बसगाड्यांवर दगड पडले. तो भाग पुष्कळांना ठाऊक आहे, मी त्यात शिरत नाही.

याच सुमारास एक अहवाल आला. नागरी हक्कांच्या १९६४ च्या कायद्याने तो मागवला होता आणि समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९६६ मध्ये तो सादर केला. चार हजार शाळा, सहा लाखांवर विद्यार्थी, सातशेवर पाने. काळ्यांच्या शाळांत प्रयोगशाळा नाहीत, पुस्तके नाहीत, म्हणून मुले मागे, असे निघेल अशी सर्वांची अटकळ. निघाले भलतेच. शाळेच्या भिंती आणि कपाटे यांच्यापेक्षा मुलाच्या घरची स्थिती आणि शेजारी बाकावर कोण बसते याचा परिणाम मोठा. आणखी एक गोष्ट त्यात होती, ती लोक लवकर विसरले : ‘माझे नशीब माझ्या हातात आहे’ असे ज्या काळ्या मुलाला वाटे, ते पुढे जाई.

यावरून दोन तट पडले. एक म्हणाले, मग शाळांवर पैसा कशाला उधळता? दुसरे म्हणाले, दोष काळ्यांच्या घरांचाच. दोन्ही अनुमाने आळशीपणाची. घराचा परिणाम मोठा आहे म्हटल्यावर शाळेने घराशी काय करायचे, हा प्रश्न उरतोच. त्याला ज्याने हात घातला तो माणूस मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटला.

जेम्स कोमर, मनोविकारतज्ज्ञ, येल विद्यापीठात. जन्म १९३४, इंडियाना राज्यातल्या पोलाद कारखान्यांच्या गावी. वडील कारखान्यात मजूर. आई मॅगी मिसिसिपीतल्या कुळाची पोर. सगळी मिळून दोन वर्षेही शाळेत गेली नसेल. गोऱ्यांच्या घरी कामाला जाई. तिच्या पाच मुलांनी मिळून कॉलेजच्या तेरा पदव्या मिळवल्या. कोमर सांगतात, लहानपणी वर्गात माझ्याइतकेच हुशार असे तीन काळे मित्र होते. एक दारूने लवकर गेला, एक तुरुंगात, एक वेड्यांच्या इस्पितळात. बुद्धी तीच, वर्ग तोच, गुरुजी तेच. मग फरक कुठे पडला? आपल्या आईने शाळेशी ओळख ठेवली होती आणि त्या घरांना शाळेचे भय वाटे, असे त्यांचे उत्तर.

१९६८ मध्ये न्यू हेवन शहरातल्या दोन प्राथमिक शाळा त्यांच्या गटाने घेतल्या. मुले जवळजवळ सगळी काळी, बहुतेक गरीब. परीक्षेत आणि हजेरीत शहरात तळाला. पहिले वर्ष अगदी वाईट गेले. नवनव्या पद्धतींचा गोंधळ उडाला, शिक्षक वैतागले, पालक तावातावाने शाळेवर चालून आले. मग हळूहळू कोमर यांनी एक मंडळ बांधले : मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि मुलांच्या मनाचे जाणकार. नियम साधे. कोणी कोणाला दोष द्यायचा नाही. मतदान नाही, एकमत होईपर्यंत बोलायचे. मुख्याध्यापकाचा अधिकार काढून घ्यायचा नाही, पण त्यांनीही मंडळाला डावलायचे नाही. पालकांना प्रथम भाषण ऐकायला बोलावले नाही. सहभोजनाला, मुलांच्या कार्यक्रमाला बोलावले. मग काहींना वर्गात मदतनीस म्हणून घेतले.

त्यांनी सांगितलेली एक हकीगत. दक्षिणेतल्या खेड्यातून आठ वर्षांचा एक मुलगा मावशीकडे राहायला आला. मावशीने कामावर जाता जाता त्याला शाळेत सोडले. बाईंनी मान हलवली आणि शिकवणे चालू ठेवले. मुलगा घाबरला, बाईंच्या पायावर लाथ मारून पळाला. एरवी काय झाले असते? मुख्याध्यापकांची खोली, शिक्षा, ‘वाह्यात’ असा शिक्का. इथे मंडळाने विचारले, एका दिवसात सगळे गणगोत सुटलेल्या पोराला आपण काय दिले? तेव्हापासून नव्या मुलाला शाळा दाखवून, सोबती जोडून देण्याची रीत पडली. एकच शिक्षक दोन वर्षे त्याच मुलांबरोबर राहू लागला. १९८४ पर्यंत या प्रयोगातल्या शाळा चौथीच्या परीक्षेत शहरात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर आल्या. मुले तशीच गरीब होती.

हे वाचताना मला माझ्याच शाळेतली एक आई आठवली. तिचा मुलगा गणितात तल्लख. पालकसभेला ती यायची, पण चपला काढून व्हरांड्याच्या कडेलाच उभी राहायची. आत बोलावले तर म्हणायची, “गुरुजी, मला काय कळतंय त्यातलं? तुमीच बघा.” आणि मी, मनातून सुखावून, सभा पुढे चालू करायचो. मुलाने आठवीत शाळा सोडली. घरची स्थिती, असे मी दाखल्याच्या नोंदवहीत लिहिले. कोलमन यांच्या अहवालातला आळशी वाचक मीच होतो.

आता मिलवॉकीकडे. विस्कॉन्सिन राज्यातले हे कारखान्यांचे शहर. तिथे १९७६ नंतर न्यायालयाच्या हुकमाने शाळांची सरमिसळ झाली, पण बसने लांब जायचे ते बहुतेक काळ्यांच्याच मुलांनी. पॉली विल्यम्स नावाच्या बाई तिथून विधानसभेवर निवडून आल्या होत्या. कृष्णवर्णीय, चार मुलांच्या एकट्या आई, एके काळी सरकारी मदतीवर दिवस काढलेल्या. आमच्या पोरांनी गोऱ्या मुलांशेजारी बसल्यानेच ती शहाणी होणार, हे गृहीतच त्यांना अपमानाचे वाटे. त्यांनी आपला पक्ष बाजूला ठेवून विरोधी पक्षाचे राज्यपाल टॉमी थॉम्पसन यांच्याशी हातमिळवणी केली. १९९० मध्ये गरीब घरांसाठी फीच्या हुंडीची योजना सुरू झाली. फ्रिडमन यांची कल्पना, व्हर्जिनियात काळ्यांविरुद्ध वापरलेली, काळ्या आयांच्या हाती आली. पहिल्या वर्षी ३४१ मुले, सात शाळा, प्रत्येकी सुमारे अडीच हजार डॉलर. त्यांतली एक शाळा वर्ष पुरे होण्याआधी बंद पडली.

फळ काय मिळाले? यावर तिथले विद्वान हमरीतुमरीवर आले. राज्याने नेमलेले जॉन विट यांना पालक अधिक समाधानी आढळले, शाळेत अधिक येणारे आढळले. गुणांत ठळक फरक सापडला नाही. १९९८ मध्ये सेसिलिया राउस यांना तोच तपशील नव्याने तपासून गणितात थोडी वाढ दिसली, वाचनात नाही. विट यांची एक नोंद मला फार बोलकी वाटते. हुंडी घेणारी घरे गरीबच होती, पण त्यांतल्या आया इतर गरीब आयांपेक्षा जास्त शिकलेल्या होत्या आणि आधीपासूनच मुलांच्या अभ्यासात लक्ष घालणाऱ्या होत्या. म्हणजे निवडीचा दरवाजा उघडला तेव्हा जी उंबरठ्यावर आधीच उभी होती ती आत गेली. जी व्हरांड्याच्या कडेला होती ती कडेलाच राहिली.

योजना पुढे फुगत गेली. १९९५ मध्ये धार्मिक शाळांना ती लागू करण्याचा कायदा झाला, २००२ मध्ये क्लीव्हलंडच्या तशाच योजनेला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता दिली, आणि पुढे मिलवॉकीत उत्पन्नाची मर्यादाही वर सरकली. ही गरिबांसाठी होती, असे विल्यम्सबाई सांगत राहिल्या. त्यांचे जुने मित्र ऐकेनासे झाले. २०१४ मध्ये त्या वारल्या. इतर ठिकाणचे निष्कर्षही एका मापाचे नाहीत. वॉशिंग्टनमध्ये हुंडी मिळालेली मुले अधिक संख्येने शालान्त टप्पा पार करून गेली. लुइझियानात पहिल्या वर्षांत त्यांचे गणिताचे गुण चक्क घसरले.

विल्यम्सबाईंचा मुद्दा नवा नव्हता. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या थोर कृष्णवर्णीय विद्वानाने १९३५ मध्येच लिहिले होते, की मिश्र शाळा केव्हाही बरी, पण जिथे शिक्षक आणि सोबती तुमच्या मुलाचा तिरस्कार करतात ती मिश्र शाळाही शिक्षण देत नाही. याच द्यू बॉइसना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. राष्ट्रसंघाकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत मागायला. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला, अमेरिकेच्या पस्तीस वर्षे आधी. पण त्यांनी नुसता हुकूम काढला नाही, वसतिगृहेही काढली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृहच उघडले. ज्या मुलाच्या घरी दिवा नाही, विचारणारे कोणी नाही, त्याच्या पाठीशी रात्री कोणीतरी उभे हवे. कोमर यांनी न्यू हेवनमध्ये जे हाताने जोडले त्याचीच ही आपल्याकडची जुनी रीत म्हणायला हरकत नाही.

बार्बरा जॉन्स पुढे फिलाडेल्फियात शाळेची ग्रंथपाल झाली आणि १९९१ मध्ये वारली. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने गुलामगिरीच्या बाजूने लढलेले सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा होता. २०२० मध्ये तो हलवला आणि त्या जागेसाठी बार्बराची निवड झाली. मोटन शाळेचे आता संग्रहालय आहे.

आमच्या नातीला अखेर इंग्रजी शाळेत घातले. माझे मत मराठीच्या बाजूने पडले होते, ते एकच. शाळा चांगली आहे, शिक्षिका मनाने शिकवतात. फाटकावर पाटी आहे : पालकांनी येथून पुढे येऊ नये. पाटी मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषांत आहे, आणि तिन्हींत शुद्धलेखन निर्दोष आहे. सूनबाई रोज तिथून परत फिरते. शुक्रवारी माझी पाळी असते. मुख्याध्यापिकाबाईंची भेट मागणारा अर्ज मी दोन वेळा दिला आहे. तिसरा लिहून ठेवला आहे.